श्रवणयंत्र दिले, वापरायला कोणी शिकवायचे?

श्रवणयंत्र पहिल्यांदा कानाला लागते त्या दिवशी ते वापरायचे कसे, हे बहुधा तोंडी सांगितले जाते. म्हणजे ज्याला नीट ऐकू येत नाही, त्यानेच सगळे ऐकून समजून घ्यायचे. त्यात कानावर पडणारा प्रत्येक आवाज त्या दिवशी नवा असतो. पंख्याची घरघर, खुर्ची सरकल्याचा आवाज, स्वतःचा खोकलासुद्धा. सेल कसा बदलायचा, मोल्ड, म्हणजे कानात बसणारा साचा, कसा बसवायचा, आवाज कमी-जास्त कसा करायचा, पाण्यापासून कसे जपायचे, फोन कुठे धरायचा, पुन्हा कधी यायचे, हे सगळे एका बैठकीत सांगून होते. समोरचा मान हलवतो. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला वर्षानुवर्षे मान हलवण्याची सवय झालेली असते. त्या मान हलवण्याचा अर्थ 'समजले' असा घेतला जातो, माणूस घरी जातो, आणि पुढची सगळी भिस्त खोक्यातल्या पुस्तिकेवर येऊन पडते.

त्या पुस्तिकेने आणि तिच्या जागी आलेल्या चित्रफितींनी, मोबाइल ॲप्सनी नव्या वापरकर्त्याला कितपत मदत होते, या प्रश्नावर गेल्या पंधरावीस वर्षांत बरेच काम झाले आहे. ते मुख्यतः ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, अमेरिका आणि उत्तर युरोपातले आहे. त्यातले आपल्याला काय घेता येईल आणि आपले आपल्यालाच काय करावे लागेल, हे पाहण्याची वेळ आता आली आहे. यंत्रे आपल्याकडे आता बऱ्याच वाटांनी पोहोचतात. शिकवण मात्र त्यांच्या मागे पोहोचलेली नाही.

आधी प्रश्नाचा आकार पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या श्रवणविषयक अहवालानुसार जगात ४३ कोटींहून अधिक लोकांना उपचार किंवा पुनर्वसन लागावे इतका श्रवणदोष आहे. श्रवणयंत्राचा उपयोग होऊ शकेल अशांपैकी ते प्रत्यक्ष वापरणारे अवघे १७ टक्के. उरलेल्यांतल्या बहुतेकांपर्यंत यंत्र पोहोचलेलेच नसते. पण ज्यांच्याकडे आहे तेही सगळे ते लावत नाहीत. २०१३ मध्ये मॅकॉर्मॅक आणि फोर्टनम या ब्रिटिश संशोधकांनी यंत्र मिळूनही लोक ते का वापरत नाहीत, याचा धांडोळा घेतला. यंत्राचा पुरेसा फायदा जाणवत नाही आणि ते कानात नीट, सुखाने बसत नाही, ही कारणे त्यांना ठळकपणे आढळली. लाज हे कारण आपण नेहमी ऐकतो आणि ते खरेही आहे. पण बसवता न येणे, टोचणे, शिट्टी वाजणे, गर्दीत काहीच न कळणे, या गोष्टी वेळेवर शिकवल्या आणि दुरुस्त केल्या तर बऱ्याच अंशी सुटतात. शैक्षणिक साहित्याचे काम इथे आहे.

वैद्यकीय माहिती किती लक्षात राहते? या विषयाचा आढावा २००३ मध्ये डच मानसशास्त्रज्ञ रॉय केसेल्स यांनी घेतला होता. डॉक्टरांनी सांगितलेल्यापैकी ४० ते ८० टक्के माहिती रुग्ण लगेच विसरतात आणि जी आठवते असे वाटते तीही जवळजवळ निम्मी चुकीची असते. ही आकडेवारी सर्वसाधारण रुग्णांची आहे. श्रवणयंत्राच्या खोलीत बसलेल्या पंचाहत्तर वर्षांच्या माणसाचे कान कमजोर, अनेकदा डोळे कमजोर आणि बोटांना बारीक वस्तूचा अंदाज कमी. तिथे लेखी साहित्य शोभेची जोड म्हणून चालणार नाही, उपचाराचा तो अर्धा भाग आहे.

आणि हा अर्धा भाग कसा असतो? ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात आंद्रेआ कापोसेक्को, लुईज हिकसन आणि कार्ली मेयर यांनी नऊ उत्पादकांच्या ३६ पुस्तिका वयस्क वाचकांच्या दृष्टीने तपासल्या आणि २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ६९ टक्के पुस्तिका 'अयोग्य' ठरल्या. उरलेल्या ३१ टक्के 'बऱ्या' होत्या, उत्तम एकही नव्हती. भाषा नववी-दहावीच्या पातळीची, अक्षर बारीक, तांत्रिक शब्दांची गर्दी, आणि एकाच पुस्तिकेत अनेक मॉडेल्सची माहिती, त्यामुळे वाचणाऱ्याने आपले यंत्र त्यातले कोणते हे आधी शोधायचे. यात लिहिणाऱ्यांची आळशी वृत्ती आहे असे मला वाटत नाही. या पुस्तिका दोन वाचक डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या जातात: एक नियामक, ज्याला सगळे धोक्याचे इशारे छापलेले हवेत, आणि दुसरा विक्रेता, ज्याला सगळ्या सोयी मांडलेल्या हव्यात. वापरणारा त्यांच्या मागे तिसरा उभा असतो.

याच गटाने पुढे एक पुस्तिका घेऊन ती नव्याने लिहिली. मोठे अक्षर, सोपी वाक्ये, एका पानावर एकच काम आणि प्रत्येक पायरीला चित्र. मग श्रवणयंत्र कधीच न हाताळलेल्या वयस्कांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागले. एका गटाला मूळ पुस्तिका, दुसऱ्याला नवी. नवी पुस्तिका मिळालेल्यांनी यंत्र हाताळण्याची कामे स्पष्टपणे जास्त चांगली केली. यंत्र तेच, माणसे त्याच वयाची, बदलला तो फक्त कागद.

दुसरे महत्त्वाचे काम ब्रिटनमधील नॉटिंगहॅमचे. मेलनी फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रवणतज्ज्ञांना आणि यंत्र वापरणाऱ्यांना आखणीपासून सोबत घेऊन 'सी टू हिअर' नावाच्या सात चित्रफिती बनवल्या. सगळ्या मिळून साधारण तासाभराच्या. यंत्र कसे बसवायचे, पहिल्या दिवसांत काय अपेक्षा ठेवायची, आवाजांशी जुळवून कसे घ्यायचे, फोनवर आणि गप्पांत काय करायचे, अडचण आली तर काय पाहायचे, असे त्यांचे विषय. पहिल्यांदाच यंत्र घेणाऱ्या २०३ जणांवर त्यांची चाचणी झाली. चित्रफिती मिळालेल्या गटाचे यंत्राविषयीचे ज्ञान जास्त होते आणि हातांचे कौशल्यही. निम्म्या लोकांनी त्या दोन किंवा जास्त वेळा पाहिल्या. माझ्या मते या प्रयोगातली सर्वांत मोलाची नोंद हीच. तज्ज्ञाला तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारायला माणूस संकोचतो, चित्रफीत मात्र कितीही वेळा मागे नेता येते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. सुमारे निम्म्यांनी त्या टीव्हीवर डीव्हीडी लावून पाहिल्या आणि इंटरनेटवर पाहणारे एकतृतीयांशाच्या आसपास होते. लोक ज्या पडद्याला सरावलेले होते तिथे साहित्य पोहोचले म्हणून ते पाहिले गेले. नंतर याच गटाने ते साहित्य मोबाइलसाठी लहान लहान तुकड्यांत मांडले, म्हणजे ज्याला सेलची अडचण आहे त्याने फक्त सेलचा तुकडा पाहावा.

पण याच चाचणीतली दुसरी बाजूही सांगायला हवी. यंत्र रोज किती तास लावले जाते, यात दोन्ही गटांत एकूण फरक पडला नाही. जे यंत्र सर्व वेळ लावत नव्हते त्यांच्यात मात्र चित्रफितींचा गट पुढे होता. माहितीने ज्ञान वाढते, हात सुधारतो, पण वापर वाढेलच असे नाही. श्रवणयंत्रांचा वापर वाढवण्याच्या उपायांचा कॉक्रेन आढावा, म्हणजे झालेले अभ्यास एकत्र तपासणारा आढावा, २०१६ मध्ये अद्ययावत झाला. त्यात ३७ अभ्यास आणि चार हजारांहून अधिक लोक होते. पुरावा बहुतांशी कमी दर्जाचा निघाला, आणि दीर्घकाळानंतर काय झाले हे पाहणारे अभ्यास सहाच. यावरून साहित्य निरुपयोगी ठरत नाही. ठरते ते एवढेच की कागद किंवा चित्रफीत पुन्हा होणाऱ्या भेटीची जागा घेऊ शकत नाही. पुढच्या भेटीची तारीख ज्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहायची सोय नाही, ती मला तिथेच अपुरी वाटते.

साहित्यात काय असावे, याबद्दल एका जागी माझे मत प्रचलित सल्ल्याहून थोडे वेगळे आहे. बहुतेक पुस्तिका म्हणतात: धीर धरा, मेंदूला सवय व्हायला काही आठवडे, काही महिने लागतात. यात तथ्य आहे. भांड्यांचा, रस्त्याचा आवाज सुरुवातीला अंगावर येतो आणि हळूहळू त्याचा त्रास कमी होतो. मोल्डने कान बंद झाल्यामुळे स्वतःचा आवाज डब्यात बोलल्यासारखा घुमतो, त्याचीही बऱ्याच जणांना सवय होते. पण वाट पाहिली की बोलणे आपोआप स्पष्ट होईल, या आश्वासनाला भक्कम आधार नाही. मँचेस्टरच्या पथकाने २०१४ मध्ये नव्या वापरकर्त्यांच्या चाचण्या काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा घेतल्या. तीच चाचणी दुसऱ्यांदा दिल्याने जेवढी सुधारणा होते, त्यापलीकडे बोलणे ओळखण्याच्या क्षमतेत वाढ त्यांना दिसली नाही. इतर अभ्यासांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. म्हणून साहित्याने दोन गोष्टी वेगळ्या सांगाव्यात. आवाज कर्कश वाटतात, तर लावत राहा. बोलणे तीन-चार आठवड्यांनंतरही कळत नाही, तर परत या, यंत्राचे सेटिंग बदलावे लागेल. ही दुसरी ओळ नसल्यामुळे कित्येक माणसे दोष स्वतःच्या वयाला देतात आणि यंत्र कपाटात जाते. ऑस्ट्रेलियात पर्थ येथील संशोधक रिबेका बेनेट यांच्या कामातून याला जुळणारेच पुढे आले आहे. यंत्रधारकांना अनेक अडचणी असतात आणि त्यांतल्या पुष्कळशा ते तज्ज्ञापर्यंत नेतच नाहीत.

अतिरेकी आश्वासनांचे दुसरे उदाहरण स्मृतिभ्रंशाचे. २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील 'अचीव्ह' चाचणीत ७० ते ८४ वयोगटातील ९७७ जण होते. एकूण गटात श्रवणयंत्रामुळे बौद्धिक घसरण तीन वर्षांत कमी झाल्याचे दिसले नाही. ज्यांना घसरणीचा धोका आधीच जास्त होता त्या उपगटात मात्र ती ४८ टक्क्यांनी मंदावली. जाहिरातीत यातला दुसरा भाग तेवढा येतो. नातवाचे बोलणे कळावे, बँकेत काम करता यावे, कीर्तनातला शब्द सापडावा, ही कारणे यंत्र लावायला पुरेशी आहेत. भीती दाखवून ते लावायला सांगायचे कारण नाही.

आता आपल्याकडे येऊ. अपंगांना साधने देणारी केंद्राची 'एडिप' योजना १९८१ पासून आहे. बहिरेपणा प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ मध्ये सुरू झाला. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय वाणी व श्रवण संस्था १९८३ पासून काम करते आहे. दारिद्र्यरेषेखालील वृद्धांसाठी २०१७ मध्ये राष्ट्रीय वयोश्री योजना आली, तिच्या साधनांत श्रवणयंत्र आहे. महाराष्ट्राच्या २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तीच्या खात्यात ३,००० रुपये थेट जमा होतात आणि त्यातून चष्मा, काठी, श्रवणयंत्र असे काही घेता येते. मदत थेट हातात येणे चांगलेच. पण शिबिरात मिळालेल्या यंत्राबरोबर निदान कोणीतरी दोन शब्द बोलतो. खात्यातले पैसे घेऊन दुकानातून किंवा ऑनलाइन आणलेल्या यंत्राबरोबर फक्त खोके येते. अमेरिकेत १७ ऑक्टोबर २०२२ पासून सौम्य ते मध्यम श्रवणदोष असलेल्या प्रौढांना यंत्र तज्ज्ञाशिवाय विकत घेता येते, पण तिथल्या नियमात खोक्यावर आणि आत कोणती माहिती हवी हे ठरवून दिले आहे. अचानक ऐकू येईनासे झाले, कानातून पू किंवा रक्त आले, एकाच कानाला कमी ऐकू येते, चक्कर येते, तर आधी डॉक्टरकडे जा, ही सूचना तिथे ठळक असते. आपल्याकडे मराठीत ती प्रत्येक यंत्राबरोबर मिळायला हवी.

आणि मराठीत म्हणजे कोणत्या मराठीत? 'विद्युतघट' आणि 'कर्णसाचा' लिहिलेला कागद तज्ज्ञालाही थांबून वाचावा लागेल. लोक 'मशीन' म्हणतात, 'सेल' म्हणतात, 'मशीन शिट्टी मारते' म्हणतात, तेच शब्द छापावेत. शिवाय २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर असली, तरी गावाकडच्या सत्तरी ओलांडलेल्या बायकांत ती बरीच कमी आहे. त्यांच्यासाठी कागदाला चित्रे हवीत, आणि चित्रांतली माणसे त्यांच्यासारखी हवीत. परदेशी पुस्तिकेत कान नेहमी उघडा असतो. आपल्याकडे त्यावर पदर असतो, फेटा असतो, थंडीत कानटोपी असते. कानामागच्या यंत्राचा मायक्रोफोन कापडाखाली गेला की आवाज दबतो, घासतो, कधी शिट्टी येते. कानाच्या वरच्या पाळीत बुगडी असते, कानामागे चष्म्याची दांडी असते. आधी चष्मा की आधी मशीन, आणि काढताना कोणते आधी, हे कुठल्या पुस्तिकेत असते? मास्क ओढून काढताना मशीन उडून पडते, हे कोविडच्या काळात अनेकांनी अनुभवले.

हवामानाचेही तसेच. कोकणात आणि मुंबईत पावसाळाभर नळीत ओल धरते, आवाज तुटक येतो, आणि माणसाला वाटते मशीन बिघडले. रात्री सेल काढून, सेलचे झाकण उघडे ठेवून, मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवायचे. उन्हात ठेवायचे नाही, हेअर ड्रायरने वाळवायचे नाही. एवढे एक चित्र भिंतीवर लावले तरी बऱ्याच खेपा वाचतील.

सेलचा विषय मी थोडा विस्ताराने सांगतो, कारण पहिल्या महिन्यातली बरीच अडचण इथेच असते. हे सेल हवेवर चालतात. वरचा रंगीत कागद काढला की हवा आत शिरते आणि सेल जागा होतो, म्हणून कागद काढून मिनिटभर थांबायचे आणि मग बसवायचा. तो कागद परत चिकटवून सेल वाचत नाही. कागदाचा रंग आकार सांगतो: १० नंबरचा पिवळा, ३१२ चा तपकिरी, १३ चा नारिंगी, ६७५ चा निळा. आता गोंधळ पाहा. यंत्रावर उजव्या कानासाठी लाल आणि डाव्यासाठी निळी खूण असते. ६७५ चा निळा सेल दोन्ही कानांना चालतो, पण ज्याला 'निळा म्हणजे डावा' असे शिकवले आहे तो अडखळणारच. साहित्य लिहिणाऱ्याने हे आधी ओळखून दोन्ही रंग वेगळ्या पानांवर, वेगळ्या चित्रांत द्यावेत. आणि एक इशारा प्रत्येक ठिकाणी हवा. हा सेल गोळीसारखा दिसतो. वृद्धांनी तो औषध समजून आणि मुलांनी खेळताना गिळल्याच्या घटना घडतात. असे झाले तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा. आता बऱ्याच यंत्रांना चार्जिंग आले आहे, पण कमी किमतीच्या यंत्रांत सेल अजून आहेत आणि राहतील.

चित्रफिती बनवणाऱ्यांना एक विनंती आहे. आरोग्याच्या मराठी व्हिडिओंत बोलण्याखाली संगीत वाजवण्याची पद्धत पडली आहे. कमी ऐकणाऱ्याला पार्श्वसंगीतातून शब्द वेगळा काढणे हेच सर्वांत कठीण जाते. त्याच्यासाठीच बनवलेल्या फितीत तरी संगीत नको. बोलणाऱ्याचा चेहरा पूर्ण दिसावा, ओठ दिसावेत, खाली मोठ्या अक्षरात तेच वाक्य असावे. एका फितीत एकच अडचण, दीड-दोन मिनिटांत. वऱ्हाडात वऱ्हाडी आवाजात, तळकोकणात मालवणीत, खानदेशात अहिराणीत. मोल्ड कानात बसवतानाचे चित्रण समोरून तर हवेच, पण बाजूने, बसवून देणाऱ्या सुनेच्या किंवा मुलाच्या नजरेतूनही हवे. स्वतःचा कान स्वतःला दिसत नाही, आणि घरोघरी पहिले काही दिवस मशीन दुसरेच कोणीतरी बसवून देते.

लहान मुलांच्या बाबतीत सगळे साहित्य आईवडिलांसाठीच असते. तिथे एक साधे, पक्के साधन आधीपासून आहे. डॅनियल लिंग यांच्या नावाने ओळखली जाणारी सहा आवाजांची चाचणी: आ, ई, ऊ, म, श, स. रोज सकाळी मशीन लावल्यावर तोंड झाकून हे सहा आवाज काढायचे आणि मूल प्रतिसाद देते का ते पाहायचे. काल 'स' कळत होता आणि आज कळत नसेल, तर मशीन तपासायची वेळ झाली. हे आवाज मराठीत जसेच्या तसे आहेत. एका कार्डावर मावतात. अंगणवाडी सेविकेलाही शिकवता येतात.

साहित्य चांगले झाले की नाही, हे तज्ज्ञांच्या समितीने ठरवू नये. ज्याने मशीन कधी पाहिले नाही अशा माणसाच्या हातात पुस्तिका, मशीन आणि नवा सेल द्यावा, आणि काही न सांगता बसावे. तो कुठे थांबतो ते पान पुन्हा लिहावे. दवाखान्यातही 'समजले का?' ऐवजी 'आता तुम्ही मला करून दाखवा' असे म्हणावे. हे सगळे एकेकट्याने करण्याचीही गरज नाही. क्वीन्सलँडच्या हिकसन यांनीच तयार केलेला, आठवड्यातून एकदा असा पाच आठवडे चालणारा गटवर्ग कमी ऐकू येणाऱ्या वयस्कांना आणि त्यांच्या घरच्यांना एकत्र बसवतो. महाराष्ट्रात गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, त्यांना सभागृहे आहेत, ठरलेल्या बैठका आहेत. तिथे मशीन लावणारे चौघे जरी एकमेकांना आपला सेल कसा बदलतो ते दाखवू लागले, तरी कोणत्याही पुस्तिकेपेक्षा ते उपयोगी पडेल.

घरच्यांसाठी मात्र वेगळे पान हवे, आणि ते आज जवळजवळ कुठेच नाही. दुसऱ्या खोलीतून हाक मारायची नाही. आधी समोर यायचे, मग बोलायचे. टीव्ही बंद करायचा. ओरडायचे नाही, कारण यंत्रातून ओरडणे आणखी फाटके येते. न कळलेले वाक्य तसेच पुन्हा म्हणण्यापेक्षा शब्द बदलून सांगायचे. आणि 'जाऊ दे, काही नाही' असे कधीही म्हणायचे नाही.

तुमच्या घरात डबीत पडून असलेले यंत्र असेल, तर ते ज्यांच्याकडून घेतले तिथे या आठवड्यात घेऊन जा. यंत्र लावणाऱ्याबरोबर घरातले आणखी एक जण जा. बोलणे कळत नाही, शिट्टी येते, टोचते, जे काही असेल ते लिहून न्या, सेटिंग बदलून मागा, मोल्ड तपासून मागा. आणि सेल स्वतःच्या हाताने काढून, घालून दाखवल्याशिवाय तिथून उठू नका.